फ्लामेंको म्हणजे कॅस्टनेट नव्हे
स्पेनमधल्या सेव्हिया शहरी फिरायला गेल्यावर तासाभराच्या फ्लामेंको नृत्यवर्गात नाव घालणाऱ्यांचा हमखास समज असतो, की हातात कॅस्टनेट (बोटांनी वाजवायच्या छोट्या चिपळ्या) घेतल्याशिवाय हा नाच होतच नाही. हा समज चुकीचा आहे. कॅस्टनेट मुळात स्पेनच्या लोकनृत्यांतले व बोलेरा या स्पॅनिश नृत्यशैलीतले असून फ्लामेंकोत ते मोजक्याच प्रकारांत वाजतात, कारण बोटे मोकळी असली तरच ती मनगटाबरोबर एकेक करून पंख्यासारखी उघडता-मिटता येतात. नवख्याने आधी टाळी शिकावी, असे मला मनापासून वाटते: तळवे खोलगट ठेवले की दबका आवाज येतो, बोटे दुसऱ्या तळव्यावर आपटली की खणखणीत. 'सोलेआ' या फ्लामेंको प्रकाराच्या 12 मात्रांत जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर पडतो. एकतालाच्याही मात्रा बाराच, पण पहिलीवर सम शोधणारा इथे हमखास चुकतो.