सर्किट बोर्ड कनेक्टरची संपर्करचना

सर्किट बोर्डाला तार किंवा दुसरा बोर्ड जोडणारा, आणि हवा तेव्हा सोडवता येणारा भाग म्हणजे कनेक्टर. त्याचा जोड वर्षानुवर्षे पक्का राहावा म्हणून धातूचे पाते, त्यावरचा मुलामा, प्लास्टिकचे घर आणि बोर्डावरचे पॅड (जोडासाठी उघडे ठेवलेले तांब्याचे तुकडे) यांची मापे व साहित्य ठरवणे म्हणजे संपर्करचना. व्यवहारात हा विषय विजेपेक्षा स्प्रिंगचा जास्त आहे. नवा कनेक्टर मीटरवर बहुतेक वेळा चांगलाच दिसतो. पाच वर्षांनी पाते किती जोराने दाबते यावर त्याची खरी प्रत ठरते.

नाशिकमध्ये या विषयाची दोन टोके एकाच जिल्ह्यात भेटतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर, वाहनांचे सुटे भाग, प्रेसकाम आणि टूलरूम आहेत. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. दुसरीकडे निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत ठिबकचे नियंत्रक, पंपाचे ऑटो स्टार्टर आणि शीतगृहांचे पॅनेल उन्हात, दमटपणात व गंधकाच्या धुळीत चालतात. वातानुकूलित खोलीत पास झालेला बोर्ड बागेतल्या पत्र्याच्या पेटीत दोन हंगामांत रुसतो, तेव्हा पहिला संशय कनेक्टरवरच घ्यावा.

संपर्क नेमका कुठे होतो

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. खरे संपर्कक्षेत्र म्हणजे दाबबल भागिले मऊ धातूचा कठीणपणा. १ न्यूटन दाब आणि १.५ गिगापास्कल कठीणपणाचा सोन्याचा मुलामा धरला, तर हे क्षेत्र सुमारे ०.०००७ चौरस मिमी येते. पाते आणि पॅड एक चौरस मिमीवर टेकल्यासारखे दिसले तरी वीज त्याच्या हजाराव्या भागाहूनही लहान जागेतून जाते. पात्याचा आकार कितीही मोठा केला तरी हे क्षेत्र वाढत नाही. ते दाबाने वाढते. विद्युत संपर्कांचा हा पाया राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला.

सगळा दाब एकाच गोल ठिपक्यावर आला असे धरले तर त्याची त्रिज्या सुमारे १५ मायक्रोमीटर भरते आणि वीज तिथे आवळली गेल्याने निर्माण होणारा रोध एक मिलिओहमच्या आत राहतो. कनेक्टरच्या एकूण रोधात पात्याच्या धातूचा वाटाच बहुधा मोठा असतो. म्हणून संपर्क बिघडायला लागला तरी एकूण आकडा सुरुवातीला फारसा हलत नाही, आणि मग अचानक उसळतो. ठिपक्यांवर ऑक्साइड, सल्फाइड किंवा सोल्डर फ्लक्सचा (डाग देताना धातू साफ करणाऱ्या रसायनाचा) थर आला की त्याचा रोध वरून मिळतो. तो फोडण्यासाठी पाते नुसते दाबून भागत नाही, बसताना ते पॅडवर थोडे घासतही जावे लागते. ही घासण किमान ०.३ ते ०.५ मिमी ठेवतात.

पात्याचे गणित

बहुतेक संपर्क पाती एका टोकाला धरलेली पट्टी असतात. तिचे दाबबल काढायचे सूत्र असे: लवचिकता गुणांक, रुंदी, जाडीचा घन आणि टोकाचे विचलन यांचा गुणाकार, भागिले लांबीच्या घनाची चौपट. फॉस्फर ब्राँझची (गुणांक ११० गिगापास्कल) १ मिमी रुंद, ०.२५ मिमी जाड, ५ मिमी लांब पट्टी ०.३ मिमी वाकवली तर १.०३ न्यूटन दाब मिळतो. मुळाशी येणारा ताण सुमारे ४९५ मेगापास्कल. स्प्रिंग टेंपरचा (स्प्रिंगसाठी कडक केलेला) फॉस्फर ब्राँझ ५५० च्या आसपास बसू लागतो, म्हणजे सोडल्यावरही वाकलेलाच राहतो, त्यामुळे कागदावर हे जमले.

आता बोर्ड आणा. १.६ मिमी जाडीच्या बोर्डाची सहनमर्यादा १० टक्के असते, म्हणजे १.४४ ते १.७६ मिमी. एज कनेक्टरमध्ये बोर्डाची कडच खाचेत जाते; दोन्ही बाजूंनी पाती असतील तर प्रत्येक पात्याच्या वाट्याला ०.०८ मिमीचा फरक येतो. पातळ बोर्डावर दाब ०.७६ न्यूटनवर उतरतो. जाड बोर्डावर ताण ६२७ मेगापास्कलला जातो आणि स्प्रिंग बसते. त्यानंतर त्याच कनेक्टरमध्ये पातळ बोर्ड घातला की दाब आणखी घटतो. दुरुस्तीत बोर्डांची अदलाबदल करताना हा दोष हमखास उद्भवतो, आणि दोष बोर्डाचा म्हणून बोर्ड बदलत राहण्यात दिवस जातो.

उपाय म्हणून पाते नुसते लांब करणे हा अर्धाच विचार. लांबी ७ मिमी आणि विचलन ०.८ मिमी केले तर दाब १ न्यूटनच राहतो आणि बोर्डाच्या जाडीमुळे होणारा चढउतार २७ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येतो. पण मुळाशी ताण ६७० मेगापास्कलच्या वर चढतो आणि फॉस्फर ब्राँझ पुरत नाही. मग दोन वाटा उरतात: पाते मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळते करून ताण लांबीभर वाटून द्यायचा, किंवा बेरिलियम कॉपर घ्यायचे. उष्णता देऊन कठीण केलेले (एज हार्डन) बेरिलियम कॉपर १००० मेगापास्कलपर्यंत टिकते आणि विजेचे वहनही त्यातून अधिक चांगले होते: शुद्ध तांब्याच्या सुमारे २२ टक्के, फॉस्फर ब्राँझचे १५. किमतीचा फरक मोठा असल्याने ते सरसकट वापरत नाहीत.

जाडीचा घन विसरू नये. पत्र्याची रील १० टक्के जाड आली तर दाब ३३ टक्के वाढतो. रील उतरवतानाच मायक्रोमीटर लावणे हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त विमा. पाते रोलिंगच्या (पत्रा लाटला गेला त्या) दिशेला काटकोनात वाकवावे. घडी त्या दिशेला समांतर आली की बाहेरच्या बाजूला चिरा पडतात. डायमधून कापताना उठणारी बर (धातूची धारदार किनार) संपर्काच्या तोंडावर येऊ देऊ नये. ती पहिल्याच बसवणीत पॅडवरचे सोने ओरबाडून काढते. संपर्काचा फुगवटा कॉइनिंग करून (डायमध्ये जोराने दाबून) गुळगुळीत केला तर मुलामाही एकसारखा चढतो.

दाबाला वरची मर्यादाही असते. ४० संपर्क, प्रत्येकी १ न्यूटन, घर्षणांक ०.३ धरला तर बोर्ड सरकवायला १२ न्यूटन लागतात आणि पाती उघडण्याच्या क्षणी त्याहून जास्त. बोर्डाच्या कडेला २० ते ४५ अंशांचा उतार दिला की हा पहिला झटका कमी होतो. उतार देताना तांब्याची बर लोंबत राहिली तर मात्र ती शेजारच्या दोन पॅडना शॉर्ट करते.

उष्णता हळूहळू दाब खाते. वाकलेल्या स्थितीत तापत राहिलेल्या धातूतला ताण सैल पडतो. ढोबळ मानाने पितळ ७५ अंशांच्या पुढे, फॉस्फर ब्राँझ १०५ च्या पुढे आणि बेरिलियम कॉपर १२५ च्या पुढे भरवशाचे राहत नाही. बाहेर ४० अंश असताना उन्हातल्या बंद पत्र्याच्या पेटीत ६० अंश सहज होतात. त्यावर पूर्ण प्रवाहाने कनेक्टर स्वतः ३० अंश तापला की पितळाची मर्यादा कधीच ओलांडली गेलेली असते.

मुलामा आणि बोर्डाची बाजू

सोने ऑक्साइड धरत नाही, म्हणून ०.५ ते १ न्यूटन दाबात काम भागते. वारंवार काढघालीसाठी कोबाल्ट मिसळलेले कठीण सोने ०.७६ मायक्रोमीटर आणि त्याखाली किमान १.२७ मायक्रोमीटर निकेल, असा प्रघात आहे. निकेल नसेल तर सोन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तांबे वर येते. कथलाचा मुलामा स्वस्त. त्याचा ऑक्साइड कडक, ठिसूळ आणि खालचे कथील मऊ असल्याने दाबाखाली तो फुटतो, पण त्यासाठी साधारण दुप्पट दाब लागतो. कथलाच्या पात्याला सोन्याचे पॅड किंवा उलट अशी जोडी टाळावी. कथील सोन्यावर चिकटून तिथे ऑक्साइड धरते, आणि सोन्याचा खर्च पाण्यात जातो.

बोर्ड मागवताना ‘गोल्ड फिनिश’ एवढेच लिहिणे ही नेहमीची चूक. सोल्डरिंगसाठी दिला जाणारा रासायनिक सोन्याचा थर ०.०५ ते ०.१ मायक्रोमीटरच असतो. तो बसवताना झिजतो. एज कनेक्टरच्या बोटांसाठी (कडेवरच्या पॅडपट्ट्यांसाठी) विद्युत प्लेटिंगचे कठीण सोने वेगळे लिहून मागवावे लागते.

सोल्डर पिनांमध्ये छिद्राचे माप महत्त्वाचे. ०.६४ मिमी चौरस पिनेचा कर्ण ०.९ मिमी भरतो, छिद्र १.० ते १.१ मिमी ठेवतात. कनेक्टरचे घर बोर्डाला चिकटून बसले तर वेव्ह सोल्डरिंगमध्ये (बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेताना) फ्लक्स छिद्रातून वर चढून संपर्कापर्यंत जातो आणि तिथे पारदर्शक, चिवट थर धरतो. घराखाली छोट्या टेकण्या देऊन थोडी फट ठेवावी. शिसेविरहित रिफ्लोचा (भट्टीत सोल्डर वितळवून जोडायचा) बोर्ड २४५ ते २६० अंशांतून जातो; पीबीटी प्लास्टिक २२५ लाच वितळते. तिथे एलसीपी किंवा पीपीएस ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिके हवीत.

प्रेस फिट पिनेत सोल्डर नसतो. सुईच्या नेढ्यासारखा फुगलेला भाग छिद्रात दाबून बसतो आणि हवाबंद जोड तयार होतो. १.० मिमी तयार (आतून तांबे चढल्यानंतरच्या) छिद्राची मर्यादा अधिक ०.०९, उणे ०.०६ मिमी ठेवतात आणि ड्रिल १.१५ मिमीचे वापरतात. नुसते तयार माप मागितले आणि ड्रिल लहान वापरून तांबे पातळ ठेवले, तर माप बरोबर येऊनही पीन छिद्राची भिंत फाडते.

फ्रेटिंग

कथलाच्या संपर्कांचा मुख्य शत्रू गंज नव्हे, हालचाल. १० ते १०० मायक्रोमीटरची मागेपुढे सरक प्रत्येक वेळी ताजे कथील उघडे करते, त्यावर ऑक्साइड धरतो आणि त्याचा काळा भुगा संपर्काखाली साचतो. यालाच फ्रेटिंग म्हणतात. काही हजार फेऱ्यांत रोध मिलिओहमवरून ओहमवर जाऊ शकतो.

ही हालचाल कंपनातूनच यावी असे नाही. निफाडला थंडीत पहाट आणि दुपार यांच्यातला फरक मोठा असतो. त्यात पेटीतली ऊब मिळवून ४० अंशांचा झोका धरला आणि बोर्ड व प्लास्टिकच्या प्रसरणात दर अंशाला दशलक्षांश १० चा फरक असला, तर १०० मिमी लांब कनेक्टरच्या टोकाला ४० मायक्रोमीटर सरक होते. तेवढी पुरते. लांब कनेक्टरऐवजी दोन आखूड लावणे, घर बोर्डाला मधोमध पक्के करणे, तारांचा गुच्छ कनेक्टरपासून काही सेंटिमीटरवर बांधणे आणि संपर्कावर वंगण देणे हे उपाय चालतात. ‘काढून परत बसवले की चालते’ ही तक्रार फ्रेटिंगची खूण आहे: काढघालीत भुगा बाजूला सरतो आणि काही आठवडे पुन्हा सगळे ठीक भासते.

गंधक

भुरी रोगावर द्राक्षाला गंधक मारतात. निर्यातीच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड घालतात. सडणाऱ्या कांद्यातूनही गंधकाचे वायू सुटतात. चांदीवर याने काळा सल्फाइड चढतो. मोठ्या प्रवाहाच्या स्विचमध्ये तो फारसा नडत नाही, पण काही मिलिव्होल्टच्या सेन्सर सिग्नलला तो अडवतो. अशा जागी चांदीचा मुलामा घेऊच नये. पॅकहाउसमध्ये (माल भरायच्या जागी) सल्फर डायऑक्साइड दमट हवेत आम्ल बनून निकेल व तांबेही खातो, म्हणून पॅनेल प्रीकूलिंग खोलीच्या बाहेर लावणे हे मुलाम्यापेक्षा स्वस्त पडते. कनेक्टर बदलूनही दोष राहिला तर चिप रेझिस्टर तपासावेत. त्यांच्या टोकांशीही चांदी असते.

चाचणी व दुरुस्ती

संपर्करोध चार तारांच्या पद्धतीने मोजतात: दोन तारा प्रवाह देतात, दोन व्होल्टेज मोजतात. खुला (जोड सुटा असतानाचा) व्होल्टेज २० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या आत. साध्या मल्टिमीटरचा जास्त व्होल्टेज पातळ थर फोडून टाकतो आणि खराब संपर्क चांगला दाखवतो. क्रम असा ठेवावा: आधी मोजणी, मग ठरलेल्या काढघाली, मग तापवणे, मग ४० अंश व ९३ टक्के आर्द्रता, मग कंपन, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजणी. मूळ रोधापेक्षा १० मिलिओहमची वाढ ही नेहमीची मर्यादा. कंपनात एक मायक्रोसेकंदाहून लांब खंड पडला तर नमुना नापास.

कार्यशाळांत पॅड खोडरबराने घासायची सवय आहे. ०.१ मायक्रोमीटर सोने तेवढ्याने जाते, निकेल उघडे पडते आणि पुढच्या पावसाळ्यात बोर्ड परत येतो. धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे, पूर्ण वाळू द्यावे. कनेक्टरची पाती सुईने पुढे वाकवून दाब ‘वाढवणे’ही टाळावे, बसलेली स्प्रिंग एकदाच हाताने उठते, आणि गरम झाली की लगेच पुन्हा बसते. तिथे कनेक्टरच बदलावा.