साठीला पोचलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य 70 नसते

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 58 वरून 60 करा, ही मागणी निघाली की आमच्या छत्रपती संभाजीनगरात लगेच दोन तट पडतात. एकीकडे कार्यालयांतली मंडळी, दुसरीकडे अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडून बसलेली पोरे. भांडतात कडाक्याचे, पण फेकतात एकच आकडा : “भारतीयाचे सरासरी आयुष्य 70. म्हणजे साठीनंतर पेन्शन खाणार किती? दहा वर्षे!” आकडा बरोबर आहे, वजाबाकी चुकली आहे.

हे 70 म्हणजे जन्मतः मोजलेले सरासरी आयुर्मान. त्यात पाळण्यातच गेलेली बाळे, बाळंतपणात दगावलेल्या बाया, पंचविशीत दुचाकीवरून पडून गेलेली मुले, सगळी धरलेली असतात. साठी गाठलेला माणूस या सगळ्यातून सुटून आलेला असतो. आज भारतात साठीच्या माणसापुढे सरासरी सुमारे 18 वर्षे उरलेली असतात. बाईपुढे पुरुषापेक्षा थोडी जास्तच.

हे पहिल्यांदा आकड्यांत नीट मांडणाऱ्यांत मोठे नाव आहे एडमंड हॅलीचे. होय, तोच, धूमकेतूवाला. ब्रेस्लाऊ (आज पोलंडमध्ये) या गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्याच्या हाती आल्या आणि 1693 मध्ये त्याने त्यांचा तक्ता छापला. वय एकच्या रकान्यात 1000 जण धरले, तर विसाव्या वर्षी त्यातले 598 उरतात, चाळिशीला 445, साठीला 242, सत्तरीला 142, ऐंशीला 41. तिथे जन्मलेल्यांपैकी निम्मे सतरा वर्षांच्या आतच मरत. आता साठीचे 242 घ्या आणि निम्मे, म्हणजे 121, कुठे उरतात ते शोधा. बहात्तराव्या वर्षी 120! जिथे निम्मी पोरे सतरा वर्षेही पाहत नव्हती, तिथेही साठीच्या म्हाताऱ्याला बहात्तरी गाठण्याची जवळजवळ समसमान संधी होती.

हॅलीने हा तक्ता पैशाच्या हिशेबालाही लावला. त्या वेळचे इंग्लंडचे सरकार रोख रक्कम घेऊन तहहयात वर्षासन, म्हणजे मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक पैसे, विकायचे, आणि पोराला व म्हाताऱ्याला भाव एकच! हॅलीने दाखवून दिले की भाव वयाप्रमाणे ठरला पाहिजे. आजच्या तहहयात पेन्शनच्या हिशेबाच्या पोटातही असाच एक तक्ता असतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. समजा एकट्या माणसाला महिना 10,000 रुपये लागतात, म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असे धरू. आपण कधी जाणार हे त्याला ठाऊक नाही, म्हणून शहाणा असेल तर तो नव्वदीपर्यंतची सोय करेल. तीस वर्षांचे झाले 36 लाख. तेच हजार जण एकत्र आले, तर प्रत्येकी सरासरी 18 वर्षांचे, म्हणजे 21 लाख 60 हजार पुरतात. एकाचे आयुष्य अजिबात सांगता येत नाही, हजारांची सरासरी मात्र फारशी हलत नाही. लवकर गेलेल्यांचे पैसे उशिरा जाणाऱ्यांना मिळतात. ही एक भिशीच, फक्त नंबर कधी लागणार हे यम ठरवतो.

मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा भांडणाच्या मुळाशी हेच होते. जास्त जगण्याची जोखीम कोणी उचलायची? जुन्या पेन्शनमध्ये ती सरकारची. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांच्या वाट्याला अंशदायी योजना (पगारातून कापलेल्या आणि सरकारने घातलेल्या पैशांच्या पुंजीवर चालणारी) आली आणि जोखमीचा बराच भाग त्यांच्या गळ्यात पडला.

भिशी चालवायची तर कोण हयात आहे हे कळावे लागते, म्हणून नोव्हेंबरात बँकेसमोर हयातीच्या दाखल्याची रांग लागते. मशीनवर अंगठा ठेवायचा असतो. जन्मभर खुरपे धरलेल्या बाईचा तो उमटत नाही. ऑपरेटर म्हणतो, “मावशी, ओल्या फडक्यानं पुसा, आता दुसरं बोट.” मशीनला न दिसणाऱ्या याच हातावर ज्योतिषाला आयुष्यरेषा दिसते आणि तो 84 वर्षे सांगून दक्षिणा घेतो. त्याच्यापेक्षा घातक, जादा व्याजाची खात्री देणारे मल्टिस्टेट पतसंस्थावाले. निवृत्तीची पुंजी तिथे ठेवून हात पोळलेले लोक आमच्या भागात कमी नाहीत.

निवृत्तीचे वय वाढवले की काय होते? 30 वर्षे नोकरी आणि पुढे 20 वर्षे पेन्शन धरा. नोकरीच्या एका वर्षात आठ महिन्यांच्या पेन्शनची तरतूद करावी लागते. वय दोन वर्षांनी वाढवले तर 32 वर्षांत 18 वर्षांची, म्हणजे पावणेसात महिन्यांची. पण थांबा, इथे पुन्हा तीच वजाबाकी झाली. त्या दोन वर्षांत काही जण दगावतात, उरलेल्यांची सरासरी 18 च्या थोडी वर सरकते, आणि हिशेब सातच्या आसपास येतो. तरीही बचत मोठी आहे.

आणि अभ्यासिकेतल्या पोरांचे काय? म्हातारा खुर्चीत राहिला की तरुणाची नोकरी जाते, हे सगळ्या अर्थव्यवस्थेला लागू नाही, कारण नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते. कमावणारा खर्चही करतो आणि त्यातून नवी कामे निघतात. मात्र सरकारी खात्यात मंजूर पदे मोजकीच असतात. तिथे पोरांचे म्हणणे खरे आहे.

मला खरी अडचण वाटते ती बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड जोडप्यांची. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघालेला कोयता (तिकडे जोडप्यालाच कोयता म्हणतात) पाच-सहा महिने फडात असतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईला 58 काय आणि 60 काय! शरीर त्याच्या कितीतरी आधी जाब विचारते. श्रावणबाळ योजनेला 65 वय लागते आणि मिळतात महिना 1500. केंद्राची श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर 3000 देते, पण तिची दारे चाळिशीनंतर बंद. चाळिसाव्या वर्षी जो आत शिरेल, त्याच्या साठीला, महागाई 5 टक्के धरली तर, त्या 3000 ची किंमत आजच्या साधारण 1130 रुपयांइतकी उरेल.

अशांसाठी निवृत्ती वयावर न बांधता कष्टाच्या वर्षांवर बांधावी, असे मला वाटते. पंधराव्या वर्षी कोयता धरलेल्याची पस्तीस वर्षे पन्नाशीलाच भरतात. पण त्यासाठी कोण किती हंगाम फडात होता याची नोंद लागते, आणि ती मुकादमाच्या वहीत उचलीच्या आकड्यापुरतीच असते. सरकारी आयुर्मान तक्ते स्त्री-पुरुष, गाव-शहर आणि राज्य अशा रकान्यांत भरतात. त्यांत धंद्याचा रकाना नाही, त्यामुळे साठीच्या ऊसतोड कामगारापुढची वर्षेही त्याच 18 मध्ये धरली जातात.