काठी उंच धरा, स्कुआ आला!

अंटार्क्टिकातल्या ‘भारती’ या भारतीय संशोधन केंद्राबाहेर उन्हाळ्यात फिरायला निघालात, तर हातात काठी असलेली बरी. बर्फ चाचपायला ती लागतेच, पण खरी गरज पडते ती डोक्यावर उंच धरायला. स्कुआ हा तपकिरी, दणकट पक्षी उघड्या खडीवर नुसता खळगा करून त्यात बहुधा दोन अंडी घालतो. ती सहजी दिसत नाहीत. तुम्ही नकळत तिकडे वळलात की तो थेट डोक्यावर झेपावतो. समोरच्याचा सर्वांत उंच भाग गाठायची त्याची रीत, म्हणून काठी टोपीपेक्षा वर धरायची. मारायची अजिबात नाही, आल्या वाटेने मुकाट मागे फिरायचं. परवान्याशिवाय इथल्या प्राण्यापक्ष्यांना त्रास द्यायला अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपणाऱ्या १९९१च्या माद्रिद कराराने बंदी आहे.

भारताची दोन केंद्रं तिथे चालू आहेत. ‘मैत्री’ समुद्रापासून बरंच आत आहे. २०१२ साली सुरू झालेलं ‘भारती’ मात्र लार्समन टेकड्यांवर, अगदी किनाऱ्याला. १३४ कंटेनर जोडून, वरून आवरण घालून ते उभं केलंय. प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचंच, मीठ काढून घेतलेलं. कारभार पाहणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे. हिवाळ्यात सूर्य दोनेक महिने क्षितिजाखालीच राहतो आणि मोजकीच माणसं मागे उरतात. मग शास्त्रज्ञ असो की डॉक्टर, भांडी घासायची पाळी कुणाला चुकत नाही.

किनाऱ्यामुळे शेजार मिळतो तो सील आणि पेंग्विनांचा. गुडघ्याच्या थोडा वर येणारा अॅडेली पेंग्विन माणूस दिसला की पळत नाही, उलट मान वाकडी करून बघायला येतो. हा काही भाबडेपणा नव्हे. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर त्याला खाणारा चारपायी प्राणीच नाही, तेव्हा चालत येणाऱ्याला भ्यायचं हे त्याच्या गावीही नसतं. हाच पेंग्विन बर्फाच्या कडेशी मात्र घुटमळतो. खाली पाण्यात बिबट्या सील टपलेला असू शकतो. सगळे एकमेकांना पुढे करत उभे राहतात आणि एकाने उडी टाकली की धपाधप सगळे!

माझ्या मते या शेजाऱ्यांत सर्वांत थक्क करणारा वेडेल सील. बर्फावर तासन् तास पोत्यासारखा पडून असतो, म्हणून आळशी वाटतो. पण तो सहाशे मीटरपर्यंत बुडी मारू शकतो आणि तासभर श्वासावाचून राहू शकतो. प्राणवायूचा साठा फुप्फुसांत कमी, रक्तात आणि स्नायूंत जास्त. बुडी मारण्याआधी तर तो चक्क श्वास सोडून देतो! हिवाळ्यात समुद्र गोठला की श्वासाची भोकं उघडी ठेवायला तो पुढच्या दातांनी बर्फ किसत राहतो. वर्षानुवर्षं हेच चालतं. दात झिजतात, आणि दात गेले की भोकही राखता येत नाही.

स्कुआची आता वेगळीही काळजी आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर मेलेल्या स्कुआंमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. ती जागा भारतीपासून हजारो किलोमीटर दूर. पण स्कुआ लांबलांब उडतो आणि मेलेलं काहीही खातो. त्यामुळे मेलेला पक्षी दिसला तर जवळ जायचं नाही, हात तर लावायचाच नाही.