कंपोझच्या फाइलीतून संकेतस्थळावर : छोट्या दैनिकाच्या प्रणालीची पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एखाद्या छोट्या दैनिकात ‘वेबसाइटसाठी कुठली मुक्त प्रणाली घ्यायची’ असा विषय निघाला, की चर्चा वर्डप्रेसपाशी सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. त्यात चूक नाही. पण वर्डप्रेस वर्तमानपत्रासाठी जन्मलेलं नाही, आणि मराठीसाठी तर नाहीच. पुढच्या बहुतेक कटकटी त्यातूनच येतात.

थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेली प्रणाली म्हणजे जँगो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ती लिहायला घेतली. २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिची खुबी अशी, की माहितीचे रकाने एकदा ठरवून दिले की ती भरायचा पडदा आपोआप तयार मिळतो. लासलगावचे कांद्याचे भाव घ्या : तारीख, आवक, किमान, कमाल, सरासरी. रोज पाच आकडे भरायचे. तक्ता आणि जुन्या भावांचा शोध त्यावरच उभा राहतो. पण जँगो ही नुसती चौकट. भिंती आपणच बांधायच्या, म्हणजे पायथॉन ही संगणकभाषा जाणणारा माणूस कायमचा पदरी हवा. जिथं पान लावणाराच संध्याकाळी जाहिरातींची वसुली पाहतो, तिथं हे जमत नाही.

वर्डप्रेसचा जन्म ब्लॉगच्या घरातला. मिशेल वाल्ड्रिघी यांच्या ‘बी२’ या ब्लॉग-प्रणालीचं काम थांबलं, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याच पायावर २७ मे २००३ रोजी पहिली आवृत्ती काढली. पुढच्या वर्षी ‘मूव्हेबल टाइप’ या दुसऱ्या ब्लॉग-प्रणालीने परवान्याच्या अटी बदलल्या आणि नाराज मंडळी इकडे वळली. वर्डप्रेस पीएचपी आणि मायएसक्यूएलवर, म्हणजे सगळ्यात स्वस्त सामायिक होस्टिंगवरही (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) चालतं. गावोगाव ते पोचलं ते या स्वस्ताईमुळे, संपादकीय गुणांमुळे नव्हे.

द्रुपल (२००१) ही आणखी एक मुक्त प्रणाली मजबूत खरी, पण सातव्या आवृत्तीवरून आठवीवर जाणं म्हणजे साइट जवळपास नव्यानं बांधणं. त्यामुळे अनेकजण सातवीलाच चिकटून राहिले, आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा अधिकृत आधार संपला. जूमला ही तशीच प्रणाली २००५ मध्ये ‘मॅम्बो’ या जुन्या प्रणालीतून फुटून निघाली. त्यात एक लेख एकाच वर्गात बसतो. निफाडच्या द्राक्षांची बातमी ‘निफाड’मध्ये टाकायची की ‘शेती’त? टॅगची सोय २०१३ मध्ये आली, तोवर डेस्कवाले तीच बातमी दोनदा चढवत.

वर्डप्रेसमध्ये लेखक-संपादक अशा भूमिका २००५ अखेरच्या २.० आवृत्तीत आल्या. तिथंही एक खोच आहे. ‘योगदानकर्ता’ बातमी लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही; तालुका प्रतिनिधीसाठी अगदी योग्य. मात्र त्याला फोटो चढवता येत नाही. मग कंटाळून सगळ्यांना ‘लेखक’ केलं जातं आणि न तपासलेली बातमी परस्पर झळकते. खरा उपाय म्हणजे ‘योगदानकर्ता’लाच फाइल चढवण्याचा अधिकार जोडून द्यावा.

आता मराठीचा थर. नव्वदच्या दशकापासून पानं श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत लागत. त्यांत ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलं नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असे. प्रत्येक मालिकेचा नकाशा वेगळा. कंपोझची फाइल तशीच संकेतस्थळावर चिकटवली, की वाचकाला इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. म्हणून सुरुवातीच्या मराठी साइट वाचकाला आधी फॉन्ट उतरवायला लावत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे, पण साध्या संगणकावर ती नीट दिसू लागली विंडोज २००० नंतर. आजही वार्ताहर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, ऑपरेटर ते छपाईसाठी जुन्या फॉन्टात वळवतो, आणि रात्री दुरुस्त केलेला मजकूर वेबसाठी पुन्हा उलटा वळवावा लागतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफारही जागा बदलतो. कन्व्हर्टर चुकतो तो इथंच. ‘स्थिती’, ‘आर्थिक’, ‘वर्षांनी’ हे तीन शब्द आधी तपासावेत.

पत्त्याचंही तसंच. बातमीच्या पत्त्यासाठी वर्डप्रेसच्या तक्त्यात २०० अक्षरांची जागा आहे. मराठीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तिथं नऊ अक्षरं खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात’ या शीर्षकाचा पत्ता ‘दुतोंड्या’वरच तुटतो. पत्ता रोमन लिपीत हातानं लिहावा, तोही पहिल्या दिवसापासून. नंतर बदलला, तर व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने दुवे मरू शकतात.

पुराच्या दिवशीच साइट का बसते? एरवी शेकड्यांत असलेले वाचक गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा पाहायला एकदम धावतात, आणि वर्डप्रेस प्रत्येकासाठी पान नव्यानं जुळवतं. तयार पानांचा कॅशे (साठा) बसवला की ओझं उतरतं, पण दुसरी खोड जागी होते. वेळ लावून ठेवलेल्या बातम्या सुटतात त्या कुणीतरी साइट उघडल्यावर. कॅशेनंच पान दिलं तर मूळ प्रणालीला जागच येत नाही, आणि पहाटे पाचची बातमी तशीच पडून राहते. सर्व्हरच्या क्रॉनवरून, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवरून, दर पाच मिनिटांनी ते काम हाकावं. २०२७चा सिंहस्थ डोळ्यांसमोर असेल, तर ही दोन कामं प्रणाली निवडतानाच होस्टिंगवाल्याशी बोलून घ्यावीत. सामायिक होस्टिंगवर क्रॉनची मुभा असतेच असं नाही.

शेवटी साधा ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखेच. पण शोधताना एकाला दुसरा सापडेलच असा भरवसा नाही. कन्व्हर्टर एक देतो, मोबाइलचा कीबोर्ड दुसरा. जुना मजकूर आत घेण्यापूर्वी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं. हे काम कुठलीच प्रणाली आपणहून करत नाही.