एकाच सर्व्हरवर दोन भाव: मॉड्यूलच्या गोंधळाची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याची वेबसाइट धरा. लाइव्ह साइट आणि तिची टेस्टिंगची प्रत एकाच सर्व्हरवर, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली. भाव काढणारं मॉड्यूल, म्हणजे कोडची वेगळी फाइल, दोन्हीकडे एकाच नावाचं, ‘दर.पीएम’. नवा हिशेब फक्त टेस्टिंगला टाकलेला असतो, तरी गिऱ्हाइकाला लाइव्हवर एकदा जुना भाव दिसतो आणि रिफ्रेश केलं की नवा. लाइव्हची फाइल उघडून पाहावी, तर तिला कुणी हातही लावलेला नसतो.

पर्ल ५ हे १९९४ साली आलं, तेव्हा वेबवर सीजीआय या पद्धतीचा जमाना होता. तिच्यात प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची, काम झालं की संपायची. वेग कमी, पण दोन प्रती शेजारीशेजारी सुखाने नांदत. १९९६ मध्ये आलेल्या मॉडपर्लने पर्लचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्राम, थेट अपाचे या वेब सर्व्हरमध्येच बसवला. साइट कितीतरी वेगवान झाल्या, आणि एकदा लोड झालेलं मॉड्यूल मेमरीत मुक्काम करू लागलं.

खरी गोम इथेच आहे. लोड केलेल्या मॉड्यूलची नोंद पर्ल ‘%आयएनसी’ या हॅशमध्ये, म्हणजे नावानिशी नोंदींच्या यादीत करतं, तीही पूर्ण पत्त्याने नव्हे, तर नुसत्या ‘दर.पीएम’ या नावाने. पुन्हा कुणी ते मागितलं की नोंद सापडते आणि पर्ल फाइल शोधायलाच जात नाही. ‘यूज लिब’ या ओळीने मॉड्यूल शोधायला वेगळा फोल्डर दाखवला तरी उपयोग नाही. त्यात विनंत्या हाताळणाऱ्या अपाचेच्या चाइल्ड प्रोसेस अनेक, प्रत्येकीची नोंद स्वतंत्र. जिच्यात टेस्टिंगचं पान आधी उघडलं, ती लाइव्हलाही नवाच भाव देते. रिस्टार्टने गोंधळ मिटल्यासारखा वाटतो, तो एवढ्यासाठीच. अशा वेळी नवा हिशेब लिहिणाऱ्या पोराला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचा कोड बरोबर असतो.

बदललेली फाइल पुन्हा लोड करणारी ‘अपाचे::स्टॅटआयएनसी’सारखी मॉड्यूल आली, पण एकाच नावाच्या दोन फाइलींपुढे तीही हतबल. २००५ च्या मॉडपर्ल २ मध्ये ‘पर्लऑप्शन्स +पॅरेंट’ लिहून प्रत्येक व्हर्च्युअल होस्टला, म्हणजे एकाच अपाचेवरच्या वेगळ्या साइटला, स्वतःचे इंटरप्रिटर देता येऊ लागले, अर्थात जास्त मेमरी मोजून. पायथॉन ही दुसरी भाषाही ‘सिस.मॉड्यूल्स’ या यादीत नावानेच नोंद ठेवतं. तिथे २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह हे साधन आलं, पण ते फक्त प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवतं. प्रोसेस एकच असेल तर टक्कर होतेच. २०१३ च्या डॉकर या साधनाने प्रत्येक ॲप्लिकेशनच्या फाइली आणि प्रोसेस दोन्ही वेगळ्या करणं सोपं केलं.

डॉकर नको असेल, तर टेस्टिंगसाठी दुसऱ्या पोर्टवर स्वतंत्र अपाचे चालवावा. ही सोय मॉडपर्लच्या सुरुवातीपासून होती. एकाच मशीनची रॅम पुरवून वापरणाऱ्यांना ती महाग पडायची, इतकंच.