पीटीच्या तासाला खेळ कुठून आले

वेळापत्रकात ‘शारीरिक शिक्षण’ असं छापलेलं असतं, पण सहावी-सातवीतलं कुठलंही मूल त्याला पीटीचाच तास म्हणतं. वर्ग ओळीनं खाली उतरतो, मैदान दिसताच ओळ मोडते, आणि सरांभोवती गराडा पडतो. ‘सर, आज लंगडी!’, ‘नाही, क्रिकेट!’, ‘सर, विषामृत घ्या ना!’ तास पस्तीस मिनिटांचा, मुलं पन्नास-साठ, चेंडू एक आणि तोही हवा कमी असलेला. तरी तास रंगतो. या तासाला खेळ असणारच, असं आपण इतकं गृहीत धरतो की एक गोष्ट लक्षातच येत नाही: शाळेत हा तास सुरू झाला तेव्हा त्यात खेळ नव्हता. ‘पीटी’ म्हणजे फिजिकल ट्रेनिंग, आणि हा शब्द शाळेत आला तो लष्कराच्या परेड-मैदानावरून.

कागदावर मात्र सुरुवात चांगली झाली होती. शिक्षणाची पाहणी करायला इंग्रज सरकारनं १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगानं शाळांतल्या मुलांच्या शरीराकडेही पाहायला सांगितलं, आणि त्यासाठी सुचवलेल्या यादीत देशी खेळ, जिम्नॅस्टिक, शालेय कवायत असं सगळं होतं. देशी खेळांचं नाव यादीत आधी होतं. प्रत्यक्षात शाळांनी उचलली ती कवायत. कारण सरळ आहे. कवायतीला साहित्य लागत नाही, मैदान फारसं लागत नाही, आणि पलटणीतून निवृत्त झालेला एक हवालदार शंभर मुलं एका आवाजात उभी करू शकतो. शिवाय तपासणीला साहेब आला की सरळ रांगा त्याला लांबूनच दिसतात. खेळातली गंमत तपासणीच्या रकान्यात भरता येत नाही.

खुद्द इंग्लंडातही तेव्हा हीच स्थिती होती. बोअर युद्धाच्या काळात भरतीला आलेल्या तरुणांची प्रकृती पाहून तिथलं सरकार हबकलं आणि १९०२ साली शाळांसाठी सैन्याच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम काढला गेला. त्यावर इतकी टीका झाली की दोनच वर्षांत तो बदलावा लागला. मग १९०९ साली स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या पद्धतीवर बेतलेला अभ्यासक्रम आला. हात वर, हात बाजूला, कमरेत वाक, एक-दोन-तीन-चार. आपल्याकडच्या कवायतीचे हातवारे पाहिले की हे स्वीडिश घराणं अजून ओळखू येतं.

शाळेच्या भिंतीपलीकडे वेगळंच जग होतं. आट्यापाट्या, हुतुतू, विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आबाधोबी, लंगडी, आंधळी कोशिंबीर, हे खेळ गल्लीत, पारावर, नदीच्या वाळूत चालू होते. तुकोबांच्या गाथेत हमामा, फुगडी, टिपरी, चेंडूफळी यांचे अभंग आहेत. म्हणजे सतराव्या शतकात हे खेळ इतके घरचे होते की त्यांतून परमार्थ सांगितला तर ऐकणाऱ्याला चटकन कळे. पण शिक्षण आणि हे खेळ यांचा संबंध आहे असं शाळेत कुणाला वाटत नव्हतं. शाळेच्या लेखी त्या उनाडक्या होत्या.

हे चित्र पालटलं ते शाळांमुळे नव्हे, व्यायामशाळांमुळे. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी देशी व्यायामप्रकारांची सांघिक मांडणी केली आणि कवायतीच्या इंग्रजी आज्ञांऐवजी देशी भाषेतल्या आज्ञा रूढ केल्या. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला, तर अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा सुरू केली, तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. काळ स्वदेशीचा होता. शरीर कमावणं हेही राष्ट्रकार्य समजलं जात होतं. (त्याच सुमारास, १९०४-०५ मध्ये, युजीन सँडो हा जर्मन पहिलवान हिंदुस्थानभर प्रयोग करत फिरून गेला. आपल्या अंगातलं सँडो बनियन त्याच्याच नावाचं.)

या मंडळींनी गल्लीतले खेळ उचलले आणि त्यांना नियम दिले. खो-खोची गोष्ट यात सगळ्यांत बोलकी आहे. १९१४ साली डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम ठरवण्याचं काम हाती घेतलं, १९२४ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियमांचं पुस्तक काढलं, आणि १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं ते पुन्हा घासूनपुसून प्रसिद्ध केले. त्याआधी गावोगावचा खो-खो वेगळा होता. बसणारे किती, पळणारे किती, डाव कधी संपला, हे जमलेल्या मुलांवर अवलंबून. आता आठ जण चौकांत आलटूनपालटून उलट दिशांना तोंड करून बसणार, नववा पाठलाग करणार, दोन टोकांना दोन खांब, पाठलाग करणाऱ्याला मागे फिरायची मुभा नाही, आणि पळणारे तिघातिघांच्या तुकडीनं उतरणार, असं सगळं पक्कं झालं.

मागे न फिरण्याचा हा एक नियम पाहा. साध्या पकडापकडीत जो जोरात पळतो तो जिंकतो. खो-खोत पाठलागाची दिशा बांधलेली असल्यामुळे हुलकावणी देणारा बारका मुलगा दांडगटाला दमवू शकतो आणि दांडगटाला खो देण्यावाचून इलाज उरत नाही. अकरा ते चौदा या वयात एकाच वर्गात एक मुलगा मिसरूड फुटलेला असतो आणि त्याच्या शेजारचा अजून चौथीतला वाटतो. अशा वर्गाला हा खेळ फिट्ट बसतो. नियम करणाऱ्यांनी हा विचार करून तो केला असेल असा माझा दावा नाही, पण शाळेत खो-खो रुजला त्यात याचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

हुतुतूचंही तसंच झालं. १९२३ साली बडोद्यात त्याचे नियम छापले गेले, १९३६ साली अमरावतीच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डी आली. ‘हुतुतू’ म्हणत घुमणारा दम ‘कबड्डी’वर आला आणि जुनं नाव हळूहळू आजोबांच्या तोंडी उरलं. एक शब्द मात्र टिकला. समोरचा अख्खा संघ बाद केला की आपण ‘लोण चढवलं’ म्हणतो. आट्यापाट्यांतही सगळ्या पाट्या ओलांडून परत येणं म्हणजे लोणच. लोण म्हणजे मीठ. मीठ पळवणारे आणि पाट्या अडवणारे पहारेकरी यांच्यावरून हा खेळ निघाला असं जुने खेळाडू सांगत. आज दूरचित्रवाणीवर इंग्रजी समालोचक त्याला ‘लोना’ म्हणतो तेव्हा गंमत वाटते.

व्यायामशाळेतून हे खेळ वर्गाच्या वेळापत्रकात शिरायला सरकार लागलं. माणिकरावांकडे शिकलेले आणि पुढे लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर होते. १९३७ साली प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, आणि १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. हवालदाराच्या जागी शिकलेला शिक्षक येण्याची ही सुरुवात. हा शिक्षक दंड-बैठका, लेझीम, लाकडी डंबेल्स शिकवे, आसनं घेई आणि तासाच्या शेवटी खेळ लावी. शेवटी म्हणजे उरलेल्या वेळात. खेळ हे अजून बक्षीसच होतं, नीट कवायत केलीत तर मिळणारं.

दुसरा ओघ मद्रासहून आला. तिथे १९२० साली हॅरी बक यांनी वायएमसीएचं, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचं, शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं होतं. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल हे खेळ देशभर पसरवण्यात वायएमसीएचा मोठा हात आहे, आणि थ्रोबॉलचे आपल्याकडचे नियमही बक यांनीच आखून दिले. मुलींच्या शाळांना या ओघाचा विशेष उपयोग झाला. मधे जाळी असली की धक्काबुक्की नाही, साडी किंवा परकर सांभाळून खेळता येतं, आणि पालकांची कुरकुर कमी होते. थ्रोबॉल आणि रबरी रिंगचं टेनिकॉइट हे कित्येक वर्षं ‘मुलींचे खेळ’ मानले गेले ते यामुळेच. खो-खोत मात्र मुली लवकर उतरल्या. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि पुढच्याच वर्षी महिलांची कोल्हापुरात.

स्वातंत्र्यानंतर पारडं पुन्हा एकदा कवायतीकडे झुकलं. आझाद हिंद सेनेतले सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीत सगळं गमावलेल्या निर्वासितांच्या मुलांपासून तिची सुरुवात झाली, हे लक्षात घेतलं तर शिस्तीचा हा आग्रह समजून घेता येतो. पुढे चीन युद्ध झालं, आणि १९६५ च्या सुमारास ही योजना नॅशनल फिटनेस कोअरमध्ये मिसळली गेली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, त्यांना पीटी आठवते ती पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना लावलेला खडू, आणि पंधरा ऑगस्टच्या आधीचा महिनाभर चाललेला सराव. लेझमीला याच समारंभांनी घरोघरी नेलं. ‘लेझीम’ हा शब्द फारसी. मुळात हे साखळी लावलेलं जड धनुष्य, ताकद कमावण्यासाठीचं. आपल्याकडे ते हलकं, छुमछुमणारं झालं, हलगीच्या ठेक्यावर नाचू लागलं, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनापर्यंत पोचलं.

आता मुद्द्याची अडचण. खो-खो, कबड्डी नियमांत बसले, शालेय स्पर्धांत गेले, चौदा वर्षांखालच्या संघांत निवड होऊ लागली. पण ते वर्गाच्या तासाला जरा जड होऊन बसले. हिशेब करून पाहा. खो-खोच्या मैदानावर एका वेळी बारा मुलं असतात. त्यांतली आठ बसलेली. खरोखर पळणारी चार. साठाच्या वर्गात उरलेली अठ्ठेचाळीस कडेला बसून गवत उपटतात. मैदान सत्तावीस मीटर लांब आणि सोळा रुंद हवं, ते मुंबईतल्या कितीतरी शाळांना नाहीच. शाळेच्या संघातली सात-आठ मुलं दमेपर्यंत खेळतात आणि बाकीचा वर्ग पीटीच्या तासाला बसून राहतो. मी त्या बाकीच्या वर्गात होतो, त्यामुळे गवताविषयी मला बरीच माहिती आहे.

यातून वाट काढली ती छोट्या खेळांनी. शिक्षक-प्रशिक्षणाच्या भाषेत त्यांना लघुखेळ किंवा मनोरंजनात्मक खेळ म्हणतात. नियमाचं पुस्तक नाही, पंच नाही, साहित्य जवळजवळ नाही, आणि बसून कुणी राहत नाही. साखळीत जो पकडला जातो तो हात धरून पकडणाऱ्यांत सामील होतो, म्हणजे बाद होणं हीच खेळातली बढती. विषामृतात विष मिळालं की जागच्या जागी बसायचं, पण मित्रानं येऊन अमृत दिलं की पुन्हा पळायचं. डोंगर-पाण्यात फक्त एक ओटा किंवा चार पायऱ्या लागतात. रुमाल उचलण्याच्या खेळात दोन्ही बाजूंना क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे कुणाचा नंबर कधी पुकारला जाईल या धाकानं शेवटचा मुलगाही जागा असतो. आणि पाऊस असेल तर वर्गातच ‘शिवाजी म्हणतो’. इंग्रजी शाळांत याचा सायमन होतो, पण शिवाजीनं सांगितलेलंच ऐकायचं, बाकी कुणाचं नाही, ही अट मराठी मुलाला जास्त पटते. शिवाय गंमत अशी की ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ ही चक्क कवायतच आहे. एक-दोन-तीन-चार वर कंटाळणारी मुलं हेच हात इथे हसत हसत वर करतात.

या खेळांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण ते कुठल्याच संघटनेचे नाहीत. ते एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदलीवर जाणाऱ्या शिक्षकाबरोबर गेले, स्काउटच्या शिबिरांतून आले, मामाच्या गावाहून सुट्टी संपताना परतले. नावंही बदलत गेली.

दरम्यान कायद्यानं तासाला जागा दिली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शाळेला क्रीडांगण आणि खेळाचं साहित्य असावं असं म्हणतो. सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक नेमायला सांगतो. मात्र तो अर्धवेळ. अर्धवेळ हा शब्द त्या तासाची प्रतिष्ठा पुरेशी सांगतो. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी याच तासाचा जातो. दुसरीकडे मोठा खेळ आणखी मोठा झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारतानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. खेळ मातीवरून मॅटवर गेला आहे. मातीत सूर मारून ढोपर सोलवून घेतलेल्यांना त्याचा थोडा हेवा वाटतो, थोडी हळहळही.

गल्लीतून शाळेत येताना या खेळांनी काही शब्द बरोबर आणले, आणि नियमांच्या पुस्तकांत ते कुठेच सापडत नाहीत. कुणावर ‘राज्य’ येणार हे ‘चकून’ ठरतं, तळहात उपडे की उताणे यावर. दम लागला की मूठ वळून ‘टाइमप्लीज’. आणि वर्गात कुणी आजारातून उठलेलं असेल, पायानं अधू असेल, किंवा कुणाचा लहान भाऊ मागे लागून आलेला असेल, तर तो ‘कच्चा लिंबू’. तो सगळ्यांबरोबर पळतो, त्याला पकडतातही, पण त्याच्यावर राज्य येत नाही. परवा एका शाळेच्या मैदानाबाहेर उभा होतो. सरांनी शिट्टी वाजवून दोन संघ पाडले, एक मुलगी जादा झाली. सर विचारात पडले, तोवर मुलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं: ‘सर, ती दोन्हीकडून कच्चा लिंबू.’