तबकडी आणि पडदा (विमानातील)

विमानाचा वेग, उंची, कल व दिशा दाखवणाऱ्या काट्यांच्या तबकड्या, त्यांची जागा घेणारे अंकीय पडदे आणि या दोहोंच्या वाचनात वैमानिकाला जाणवणारा फरक. पडद्यांच्या कॉकपिटला 'ग्लास कॉकपिट' म्हणतात.

त्याचा आरंभ कुठून धरावा यावर एकमत नाही. काही जण तो लष्करी विमानांपर्यंत मागे नेतात. नासाच्या लँग्ली केंद्रात १९७०च्या दशकात बोइंग ७३७वर झालेले प्रयोग हा उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रवासी सेवेत पडदे रुळले ते साधारणतः १९८२च्या बोइंग ७६७पासून.

तबकड्याही निर्दोष नव्हत्या. जुन्या उंचीमापकात शंभर, हजार व दहा हजार फुटांचे तीन काटे एकाच अक्षावर फिरत. घाईत हजाराचा काटा चुकीचा वाचला, की विमान आहे त्यापेक्षा हजार फूट वर असल्याचा भास होई. फिट्स व जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या २७० वाचनचुका तपासल्या, त्यांत या जातीच्या चुका ठळक होत्या. पडद्यावर उंचीचा आकडा सरळ लिहूनच येतो.

काट्याचा एक गुण मात्र पडद्यावरच्या सरकत्या आकड्यांच्या पट्टीत हरवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर डायल (काट्याचे मापक) लावून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मधोमध बसवणारा कारागीर आकडा वाचत बसत नाही. काटा किती झुलतो ते पाहतो. वैमानिकही वेगदर्शकाचा काटा 'कुठे' आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपत असे. पट्टीवर खूण स्थिर असते आणि आकडे सरकतात, म्हणून ते वाचावे लागतात. ही उणीव भरण्यासाठी पट्टीला बाण जोडला गेला; दहा सेकंदांनी वेग किती असेल ते तो दाखवतो. नव्या पिढीच्या बोइंग ७३७मध्ये तर पडद्यावरच गोल तबकड्या रेखण्याची सोय ठेवली होती.

हलक्या विमानांविषयीच्या २०१०च्या अमेरिकी अहवालात पडद्यांच्या विमानांचे एकूण अपघात कमी, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण जास्त आढळले. ही विमाने लांबच्या प्रवासाला अधिक वापरली जात, हे ध्यानात घेता दोष पडद्यावर टाकणे घाईचे ठरेल. अहवालाचा रोखही प्रशिक्षणाकडेच आहे.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला, १९३९चा. म्हणजे तबकड्यांच्या काळातला. तिथे ये-जा केलेल्या एटीआर ७२-६०० जातीच्या विमानात पाच मोठे पडदे असतात. जुन्या वळणाचे चुंबकीय होकायंत्र तेवढे अजून आहे.